चिठ्ठीवाले दडमल सर

दडमल सरांना ‘काय सर, बरं आहे ना?’ असं विचारायची सोय नव्हती. ते जागच्या जागी थांबायचे, चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, “बरं म्हणजे काय? खरंच बरं, का तुमाले लवकर घरी जायचं आहे म्हणून बरं?” विचारणारा बिचारा भाजीची पिशवी सावरत चंद्रपूरच्या उन्हात उभा. असा एकदा सापडलेला माणूस पुढच्या वेळी लांबूनच रस्ता बदलायचा. त्यांच्या पत्नी शांताबाई मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, “आमच्या घरी बोलाची चोरी आहे, बाई. वरण खारट झालं म्हणलं, तं म्हणतात, आपोआप झालं का? कोण केलं ते सांग.”

सर एका कॉलेजात मराठी शिकवायचे. त्यांच्या तासाला झोप यायची, हे त्यांचेच विद्यार्थी अभिमानानं सांगतात. निवृत्तीच्या जरा आधी एका पोलीस अधिकाऱ्यानं त्यांच्यापुढे एक चिठ्ठी ठेवली. सासरी मेलेल्या एका मुलीच्या नावची. ही तिनंच लिहिली का, एवढंच त्याला हवं होतं. सरांनी तिच्या माहेरून तिच्या जुन्या वह्या मागवल्या, मैत्रिणीला पाठवलेले मेसेज वाचले आणि सांगितलं, की अक्षर तिचं आहे पण बोलणं तिचं नाही. कुणीतरी समोर बसून सांगितलेलं तिनं उतरवलं आहे. पुढं कोर्टातही ते टिकलं. तेव्हापासून चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांतल्या ठाण्यांमध्ये ते ‘चिठ्ठीवाले सर’ झाले. कोणी जीव दिला आणि मागं काही लिहिलेलं सापडलं, की त्याची झेरॉक्स सरांकडे यायची. या नावाचा त्यांना राग होता. “लग्नाच्या पत्रिका वाटणारा वाटतो मी,” म्हणायचे.

स्वभाव म्हणाल तर तिरसट. भर मे महिन्यात उकळता चहा प्यायचे आणि आपण प्यायलो नाही तर मनाला लावून घ्यायचे. कुणाचंही बोलणं मध्ये तोडलेलं त्यांना खपत नसे, पण स्वतः सगळ्यांचं तोडायचे. फोनवर रेकॉर्ड झालेलं काही ऐकायचं असलं की आधी कूलर बंद. मग दार-खिडक्या बंद. शांताबाई मुकाट्यानं शेजारी निघून जायच्या. घामानं भिजलेला सदरा अंगाला चिकटवून सर तेच ते बोलणं पुन्हा पुन्हा ऐकत बसायचे, आणि त्या खोलीत मला उकाड्यानं नाही, भीतीनं गुदमरायला व्हायचं.

कारण त्या खोलीतली बोलणारी माणसं बहुतेक मेलेली असत.

सर म्हणायचे, “चिठ्ठीतली पहिली ओळ सोड. कोणाले जबाबदार धरू नका, हे सिनेमातून येते. दुसरी ओळ पाह्य. बकरीले चारा टाकजा. लेकराची औषध फळीवर आहे. मरायले निघालेल्या मानसाले बकरी कायले आठवते, वर्षा? अर्धा मानूस इथीच असते म्हणून. त्या अर्ध्याले कोणी आवाज दिला असता तं...” आणि विद्यार्थ्यांना अर्धवट वाक्याबद्दल बाकावर उभं करणारा हा माणूस आपलं वाक्य तिथंच सोडून द्यायचा. आपली सगळी शिकवणी मेलेल्यांकडे झाली, आणि ज्यांनी शिकवलं त्यांच्या ती काही कामाची नाही, हा त्यांच्या मनातला काटा होता. एकदा, फक्त एकदा, वेळेत पोहोचायचं होतं त्यांना.

म्हणून ते आमच्याकडे आले. मी गडचिरोलीत एका लहानशा संस्थेत समुपदेशक आहे. आमच्या गावोगावच्या कार्यकर्त्या घरोघर जातात, कोण झोपत नाही, कोण जेवत नाही, कोण एकटं बसतं ते बघतात आणि दर आठवड्याला फोनवर बोलून अहवाल पाठवतात. आमच्या प्रकल्प समन्वयक मॅडमनी या बायांना शुद्ध बोलायला शिकवलं होतं. ‘रुग्णास निद्रानाश आहे’ वगैरे. सर प्रशिक्षणाला पाहुणे म्हणून आले आणि पहिल्या चहाच्या आत मॅडमशी भांडले. “ते बाई जशी बोलली तसं सांगू द्या यायले. सारांश नका करू. सारांशात मानूस मरते.”

मागच्या रांगेतून एक बाई उठली. “सर, तुमच्या घरी तरी ऐकतात का कोणी तुमचं?”

ती जानो. एटापल्लीच्या पुढच्या जंगलातल्या एका माडिया आदिवासी गावातली आमची कार्यकर्ती. सगळी सभा हसली. सर सगळ्यांत जास्त हसले आणि त्या दिवसापासून जानोचे अहवाल न चुकता मागू लागले. ते अहवाल म्हणजे निव्वळ भांडण असायचं. रस्ता काऊन होत नाही, गोळ्या काऊन संपल्या, त्या डॉक्टरला म्हणा एक दिवस माझ्या गावात राहून दाखव, मले नवीन चप्पल पाहिजे, जुनी कुत्र्यानं नेली. मध्येच कोणाची तरी सून रडत होती, ती काय म्हणाली ते जसंच्या तसं. सर ते ऐकताना जेवणाचा घास हातात धरून बसायचे.

त्यांच्याबरोबर मी एकदा मूल तालुक्यातल्या एका ठाण्यात गेले होते. जीव दिलेल्या एका ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या, बायकोचा जबाब चालला होता. हवालदारानं लिहून वाचून दाखवलं, की माझे पती व्यसनाच्या आहारी जाऊन नैराश्यग्रस्त झालेले होते. बाई मान हलवत होती.

सरांनी विचारलं, “बाई, हे तू म्हणली का?”

“मी नाई म्हणलं. पण सायबानं लिवलं तं असंनच.”

“मंग तू काय म्हणली?”

तिनं पदर तोंडाला लावला. “मागच्या बाजारापासून लय गोड बोले तो. तळ्यावरून आला का जाळं घेऊन बसे अना म्हणे, हा टाका असा घालाचा, शिकून घे. म्या म्हणलं, मले कायले शिकवता, तुमी आहा नं. तं हासला.”

हवालदार पेन थांबवून म्हणाला, “सर, हे कायद्यात कुठं बसते?”

“मानूस तरी कुठी बसते. लिहा.”

परतीच्या बसमध्ये सर खिडकीकडे तोंड करून बसले. सावली गाव ओलांडल्यावर म्हणाले, “चांगला नवरा झाला म्हणून घरचे खूश होते, वर्षा. तिथीच फसतो आपण.”

आणि कधी कधी उलटंही व्हायचं. आमची एक नवी पोरगी घाबरून आली, की तिच्या गावचा एक म्हातारा रोज मरणाचं बोलतो, रस्त्याकडेची जागा दाखवतो आणि म्हणतो, इथी माझा दगड लावजा. त्या गावांमध्ये माणूस गेला की त्याच्या नावानं दगड उभा करतात. सर तिथं गेले, म्हाताऱ्याशेजारी उकिडवे बसले, जागेची चौकशी केली. सावली चांगली होती. मग आवाज न बदलता विचारलं, “बाबा, जीव द्यावा असं वाटते का?”

म्हातारा त्यांच्याकडे वेडा बघावा तसा बघत राहिला. “कायले? यंदाची मोहाची दारू अजून उतराची आहे.”

बाहेर आल्यावर आम्ही पोट धरून हसलो. सर मात्र हसले नाहीत. “मरणाचं बोलला तरी विचाराचं, नाई बोलला तरी विचाराचं. सरळ शब्दात. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात मरण शिरत नाई. शिरलेलं असलं तं बाहेर याले वाट भेटते.” हे वाक्य त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं, की आम्ही त्यांच्या पाठीमागं त्यांच्या आवाजात म्हणायचो.

त्या वर्षी हिवाळाभर, सरांनी मागूनही, त्यांच्याकडे अहवाल पाठवायचे आमच्याकडून राहून गेले होते. मार्चमध्ये संस्थेचा छोटा कार्यक्रम होता. उत्कृष्ट अहवालासाठी प्रमाणपत्र, आणि ते जानोला. प्रमुख पाहुणे सर. जानो आलीच नव्हती. निरोप होता की घरी काम आहे. मॅडम कौतुकानं म्हणाल्या, “हीच जानो आधी कशी बोलायची, आठवतं ना? आता ऐका,” आणि त्यांनी तिचा शेवटचा अहवाल माइकवर लावला.

“नमस्कार. या आठवड्यात सर्व घरी भेट दिली. सर्वांची तब्येत ठीक आहे. गावात मोहफूल वेचणी सुरू आहे. आमच्या झाडाखालचं फूल या वर्षी बुधी वेचत आहे. काही अडचण नाही. सर्वांनी मला सांभाळून घेतलं, सर्वांचे आभार.”

टाळ्या झाल्या. सरांनी वाजवल्या नाहीत. मला म्हणाले, “बुधी कोण?”

“तिची नणंद.”

“जानो आजारी आहे का? पाय मोडला?”

“नाही.”

“मंग झाड कायले दिलं?”

 त्या भागात मोहाची झाडं घराघराची ठरलेली असतात. कुठलं झाड कुणाचं हे शेंबडं पोरही सांगतं. उठता येत असलं तर बाई आपलं झाड दुसरीला देत नाही. बाळंतीणही लेकरू पाठीला बांधून टोपली घेऊन जाते. आम्ही सगळ्यांनी ते वाक्य ऐकलं होतं आणि तिच्या शुद्ध मराठीला टाळ्या वाजवल्या होत्या.

सर व्यासपीठावरून उतरले. जेवणाची पानं मांडली होती, तिकडं पाहिलंही नाही. मॅडमच्या खोलीत जाऊन कूलर बंद केला आणि जानोचे जुने अहवाल उलट्या क्रमानं लावायला सांगितले. आभार, आभार, अडचण नाही, अडचण नाही. आणि मग थंडीतला एक. ‘सदर माता दवाखान्यात नेताना वाटेत मरण पावली. बाळही गेले.’ त्याच्या आधीच्या आठवड्यात जानो त्याच पोटुशी बाईसाठी गाडी मागत आमच्यावर तोंडभर ओरडत होती. त्या मृत्यूनंतर तिला बोलावून सगळी चौकशी झाली होती. गाडी कधी सांगितली, कधी आली, दुखणं कधी सुरू झालं. तिनं सगळ्याची नीट उत्तरं दिली होती. त्यानंतर तिनं आमच्याकडे काहीही मागितलं नव्हतं.

“चल,” सर म्हणाले.

जानोचा फोन लागत नव्हता. शेजारच्या गावातल्या नर्सबाईंचा लागला. त्या म्हणाल्या, “जानो? सकाळीच भेटली की. हासून बोलली. काय झालं?” सरांनी माझ्या हातून फोन घेतला. “बाई, कारण विचारू नका. तिच्या घरी जा अना आमी येतपर्यंत तिच्याजवळ बसा. एकटी सोडू नका.” त्या जाते म्हणाल्या. गेल्या की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

आष्टीच्या पुढं खनिजाचे ट्रक लागले. एकामागं एक, लाल धुरळा उडवत. आमची जीप त्यांच्यामागं रांगत होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला होता. आलापल्लीनंतर जंगलात ठिकठिकाणी मोहाखालचा पाला जाळलेला, काळी वर्तुळं आणि त्यांतून निघणारा धूर. बाया वाकून फुलं वेचत होत्या. प्रत्येक झाडाखाली मी जानोला शोधत होते. सर हात मांडीवर ठेवून बसले होते. ते एकदाच बोलले. “तिनं आपल्याले शिव्या दिल्या तं बरं. हासून बोलली तं मले जास्त भेव लागंन.”

उन्हं कलली होती तेव्हा पोहोचलो. अंगण सारवलेलं. तिचा नवरा लालसू कुंपणाच्या काड्या बांधत होता. नर्सबाई ओसरीवर बसलेल्या, जरा रागावलेल्या. लालसू म्हणाला, “जानो चांगली आहे नं आता. पहिले लय कटकट करे. आता काईच बोलत नाई.”

जानो आतून आली. हसली. पाण्याचे तांबे पुढं ठेवले आणि म्हणाली, “सर, एवढ्या लांब कायले त्रास घेतला? आभारी आहे.”

सर उभेच होते. मला वाटलं होतं ते काहीतरी हुशारीनं बोलायला लागतील. त्यांनी पाणी प्यायलं नाही.

“जानो, जीव द्याचं मनात आहे का?”

लालसूच्या हातातली काडी खाली पडली. नर्सबाई म्हणाल्या, “अहो सर, काय बोलता?” जानो हसतच होती. “नाई, सर.”

“माह्याकडं पाहून सांग.”

“नाई म्हणलं नं.”

“झाड बुधीले दिलं. आता घरातलं काय काम उरलं तुह्यं?”

“काई नाई उरलं,” ती म्हणाली, आणि तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. “सारं वाटून दिलं.”

 सर खाली मातीत बसले. “मले भेव लागून राह्यला, जानो,” ते म्हणाले. “तू भांडत नाई आजकाल.”

“कोणासाठी भांडू?” आवाज तोच, गोड. आणि मग तो फाटला. “जिच्यासाठी भांडत होती ते त गेली. माह्या मांडीवर गेली. तुमी सारे जण विचारलं, गाडी कधी आली, गाडी कधी आली. ते काय म्हणली हे कोणीच नाई विचारलं.”

“काय म्हणली?”

“पानी दे म्हणली. माह्या बाटलीत पानी नव्हतं.”

त्यानंतर ती जे रडली ते मी इथं लिहीत नाही. मध्ये मध्ये ती माडियात बोलत होती, सरांना ते अर्धंच कळत असणार, पण त्यांनी एकही शब्द पुन्हा विचारला नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, की होय, मनात आहे, बरेच दिवस आहे, आणि आज तुम्ही आला नसता तर काय झालं असतं ते मला सांगता येत नाही. लालसू भिंतीला टेकून बसला होता. माणूस एवढा घाबरलेला मी पाहिला नव्हता.

तिला त्याच दिवशी गडचिरोलीला नेऊन डॉक्टरांच्या हाती द्यायचं ठरलं. जीपमध्ये जानो, मी, नर्सबाई आणि जानोची लहान मुलगी. सर म्हणाले, “मी लालसूजवळ राह्यतो. घरात जे ठेवाचं नाई ते गावच्या गायत्याकडं, मुखियाकडं देऊन टाकतो. अना यालेही कोणीतरी पाह्यजे आज.”

जीप सुरू झाली. कुंपणाच्या तोंडाशी आलो आणि जानो एकदम म्हणाली, “थांबा.” ड्रायव्हरनं ब्रेक लावायच्या आत तिनं उडी मारली आणि ती घरात पळाली.

मी तिच्यामागं धावले. ते अंगण मला संपेना. सर उठायची धडपड करत होते, त्यांना उठता येत नव्हतं, ते नुसते “जानो, जानो” म्हणत होते. मी दारात पोहोचले तर आत अंधार, काही दिसेना, नुसता भांड्यांचा आवाज.

ती वाडग्यात आंबील घेऊन बाहेर आली. मला बाजूला सारलं, सरांपुढं जाऊन उभी राहिली आणि वाडगं त्यांच्या तोंडाशी नेलं.

“सकाळपासून उपाशी आहे हा म्हातारा,” ती आमच्याकडं वळून ओरडली. “तोंड पाहा कसं झालं. एवढे शिकलेले लोक, कोणाच्या ध्यानात येत नाई?”

सर प्यायले. वाडगं तिनंच धरलं होतं. आंबील त्यांच्या हनुवटीवरून सदऱ्यावर सांडली, ती तिनं पदरानं पुसली आणि पुन्हा ओरडली, की सारं पी, ठेवू नको. संपेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग आपणहून येऊन जीपमध्ये बसली.

दुसऱ्या दिवशी सर एसटीनं परस्पर चंद्रपूरला गेले. मी वॉर्डात जानोपाशी होते, त्यामुळं भेट झाली नाही. महिनाभरातच ते दुपारच्या झोपेत गेले, हृदयविकारानं. जानोला बरं व्हायला फार वेळ लागला, आणि मध्ये असे आठवडे आले की मला फोन उचलायची भीती वाटायची. अजूनही वाटते.

पण सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्या संध्याकाळी, जीपच्या मागच्या काचेतून. धुरळ्यापलीकडे ते मातीत बसलेले होते, रिकामं वाडगं दोन्ही हातांत धरून, आणि लहान पोरासारखे मोठ्यानं रडत होते. लालसू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता.